अक्कांची दुसरी डिस्क

हे लिहावं की नाही, यावर बरेच दिवस घुटमळले. मी जळगावला तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर हार्डवेअर शिकवते. स्टाफरूममध्ये भुताखेतांचे किस्से निघाले की मी सरळ पेपर तपासायला घ्यायची. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही... पण जे झालं ते झालं.

गोष्ट धुळ्याची, देवपुरातल्या माझ्या सासरच्या घरातली, गेल्या उन्हाळ्यातली. भर दुपारची. तिथे आता सासरे, म्हणजे नाना, एकटेच राहतात. सासूबाईंना सगळे अक्का म्हणायचे. लग्नातली अहिराणी गाणी गोळा करायचा त्यांना नाद. खेड्यापाड्यांत जाऊन बायकांकडून रेकॉर्ड करून आणायच्या, घरी कॉम्प्युटरवर उतरवायच्या, मध्येच स्वतःही माईकसमोर गायच्या.

अक्का गेल्या आणि नानांचं जेवण सुटलं. हट्ट नाही, चिडचिड नाही. ताट समोर आलं की नुसतं ‘मंग जेवसू’ म्हणायचे. रिकाम्या पोटी औषधं सोसेनात. डॉक्टर ॲडमिट करा म्हणू लागले. नानांनी मात्र एकच मागितलं — कॉम्प्युटर चालू करून दे, तिचा आवाज ऐकायचाय.

जुना मदरबोर्ड जळाला होता. मी जळगावहून नवा नेला, सकाळीच बसवला. आत दोन हार्ड डिस्क. विंडोज असलेली पहिली नव्या बोर्डाला दिसत होती, पण तिच्यावरून मशीन सुरू होईना. बायोसमधली प्रत्येक सेटिंग उलटीपालटी करून पाहिली. स्क्रीनवर तोच मेसेज — बूट डिव्हाइस सापडत नाही. गाणी होती दुसऱ्या डिस्कवर. ती तर दिसेचना, नुसती टक-टक करत होती. आणखी बिघडू नये म्हणून तिच्या दोन्ही वायरी काढून मी ती पेपरवर ठेवली आणि नानांना खरं ते सांगितलं. त्यांनी मान हलवली, खुर्ची ओढली, आणि त्या काळ्या स्क्रीनसमोर बसून राहिले.

मी भाजी गरम करायला आत गेले. आणि बाहेरून अक्कांचा आवाज आला.

शब्द नीट कळले नाहीत. शेवटचं तेवढं कानावर आलं — “...तिले बी वाढा.”

बाहेर आले तर स्क्रीनवर तोच मेसेज. डिस्क पेपरवर, वायरी लोंबत. नानांचे डोळे भरलेले, पण चेहरा असा निवलेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

“आयकं ना तू?” त्यांनी विचारलं.

मी ऐकलेलं सांगितलं नाही. उलट त्यांनाच विचारलं, काय म्हणाल्या?

“म्हणे, जेवी ल्या आते. पोर सकायपाईन उपाशी शे, तिले बी वाढा.”

माझं माहेर जामनेरकडचं. अहिराणी मला समजते, बोलता येत नाही. आणि त्या दिवशी मी सकाळपासून खरंच काही खाल्लं नव्हतं. जुन्या रेकॉर्डिंगला ते कसं ठाऊक असणार?

मी त्यांना सुट्या वायरी दाखवल्या. त्यांनी पाहिल्या, उठले, आणि दोन ताटं घेतली. दोघंही पोटभर जेवलो.

नंतर मिस्टरांनी ती डिस्क पुण्याला डेटा काढून देणाऱ्यांकडे नेली. आतली तबकडी पार खरवडली आहे, काहीच निघणार नाही म्हणाले. पहिल्या डिस्कवर आवाजाची एकही फाइल नाही. नानांचा फोन साधा बटणांचा. टीव्ही बंद होता, शेजारचं घर कुलूपबंद. दोघांना एकदम भास झाला म्हणावं, तर शेवटचे शब्द सारखे कसे?

नाना आता वेळेवर जेवतात. कॉम्प्युटरचं नाव पुन्हा काढलेलं नाही. मी धुळ्याला गेले की ते आधी माझं ताट वाढतात. नाना, मी वाढते ना, म्हटलं तर ऐकत नाहीत.

“ऱ्हाऊ दे,” म्हणतात, “तिनी सांगेल शे.”