युसुफचा डावा कान

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी काढलेली नाही. बायकोपाशी नाही, भावापाशी नाही. नारायणगडाला कितीदा गेलो, डोकं टेकवलं, पण तिथंसुद्धा मनातल्या मनात ती धड उच्चारली नाही. तुम्हाला सांगावी असं का वाटतंय, तेही नीट कळत नाही. तुम्ही युसुफला ओळखत नाही, एवढंच असेल कदाचित.

आणि बघा, सुरुवात करतानाच मी आडून बोलायला लागलो.

युसुफ आणि मी बीडच्या सरकारी मदरशात, म्हणजे शाळेत, एका बाकावर बसत होतो. निजामाचं राज्य, शिकवणं सगळं उर्दूत, इंग्रजी हा एक विषय. माझे वडील तहसील कचेरीत कारकून. युसुफच्या वडलांचं फळांचं दुकान. हंगामात बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं, एरवी पेरू, बोरं, जे मिळेल ते. दोघांनाही पुस्तकातलं इंग्रजी बरं येत होतं. पण बोललेलं? साहेब बोलतो तसलं, तोंडातल्या तोंडात, न थांबता? ते आम्ही जन्मात ऐकलं नव्हतं.

मॅट्रिक झाल्यावर कळलं, की जिल्ह्यातल्या एका मुलाला हैदराबादच्या कॉलेजात वजिफ्यावर, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीवर, पाठवणार आहेत. एकालाच. तिथं गोरे प्रोफेसर शिकवत आणि सगळी व्याख्यानं इंग्रजीत. आधी गेलेली मुलं वर्गात दगडासारखी बसली होती म्हणे, त्यामुळे या वेळी परीक्षा निराळी होती. कॉलेजातला एक साहेब बीडला येणार, व्याख्यान देणार, मुलांनी नुसतं ऐकायचं, लिहायचं काही नाही, आणि मग काय ऐकलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. आमच्या मास्तरांनी दोन नावं दिली. युसुफ आणि मी.

हे मास्तर मद्रासकडचे. पिल्ले त्यांचं नाव. गोऱ्या प्रोफेसरांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी आमचे कान घडवायला घेतले — हो, घडवायलाच. बिंदुसरेच्या काठी धोबीघाटाजवळ ते आम्हाला नेत आणि आपल्या जुन्या प्रोफेसरांच्या नकला करत व्याख्यान देत. एक प्रोफेसर शब्दाचं शेपूट गिळणारा. एक फळ्याकडे तोंड करून बोलणारा, म्हणून मास्तर आमच्याकडे पाठ करून नदीशी बोलत. एक असा, की मुद्दा आला की नेमका आवाज खाली नेणारा. शेजारी धोबी कपडे आपटत असायचे. मास्तर म्हणत, वर्गातही कुणी खोकतं, बाक ओढतं, शांतता मागू नका.

त्यांनी सांगितलेलं अजून पाठ आहे. शब्दामागे पळू नका. एक सुटला तर सुटू द्या. ‘हाउएव्हर’ आलं की कान टवकारा, माणूस आता फिरणार. ‘देअरफोर’ आलं की समजा, गाठ बांधली. साहेब थांबला तर तुम्ही थांबू नका, कारण पुढचं वाक्य महत्त्वाचं असतं.

मला शब्द सगळे ऐकू येत. अगदी सगळे. पण व्याख्यान संपलं की हातात सुटे मणी राहायचे, दोरा नाही. युसुफचे अर्धे शब्द सुटत, आणि तरी तो सांगायला लागला की मास्तर मान डोलवत. एकदा तो मला हसून म्हणाला, “तू लई ऐकतोस बे. इतकं ऐकतोस की समजायला जागाच ऱ्हात न्हाई.” मीही हसलो. त्या रात्री मला ते वाक्य आठवून आठवून झोप आली नाही. मित्रानं थट्टेनं म्हटलेलं एक वाक्य — त्यात एवढं लागण्यासारखं काय होतं?

त्याचे अर्धे शब्द का सुटत, ते मला योगायोगानं कळलं. नदीवरून परतताना एकदा मी त्याच्या डाव्या बाजूनं चालत होतो. मास्तर पुढं होते. मी हळूच त्यांच्या चालण्यावरून काहीतरी चावट बोललो. युसुफ हसला नाही. पुन्हा बोललो, तरी नाही. मग माझ्या ध्यानात आलं, की इतक्या वर्षांत तो नेहमी मला उजवीकडे घेऊनच चालत आलाय. बाकावरही मी उजवीकडे.

विचारलं तर आधी त्यानं मास्तर किती पुढं गेलेत ते पाहिलं. मग म्हणाला, “लहानपनी ताप आलता. कान फुटला. हकीमानं तेल घातलं, पन गेला तो गेलाच. डाव्यानं कायबी ऐकू येत न्हाई.” आणि माझा हात धरून म्हणाला, “दिगू, बाहेर बोलू नको. शिक्षनखात्याच्या लोकांना कळलं तर नावच काढून टाकतील.”

मी बोललो नाही. हे मात्र मी पाळलं. ते पाळलं याचाही मला पुढं कसा उपयोग झाला, ते सांगतोच.

परीक्षेच्या आदल्या दिवशी युसुफ मदरशात जाऊन मांडणी बघून आला. मोठ्या दालनात साहेबाचं टेबल, समोर तालुकदार आणि गावातल्या बड्या मंडळींच्या खुर्च्या. साहेबाच्या दोन्ही अंगाला एकेक खुर्ची आमच्यासाठी, तोंड मंडळींकडे. एक खुर्ची खिडकीकडची, दुसरी भिंतीकडची. खिडकीबाहेर तांबटांची आळी, दिवसभर ठोकाठोक. खिडकीकडच्या खुर्चीत बसलं की साहेब डाव्या हाताला येतो आणि तांबट उजव्या. भिंतीकडच्या खुर्चीत साहेब उजव्या हाताला.

तो दुकानाच्या फळीवर बोटानं हे सगळं काढून मला दाखवत होता. “तुझं नाव आधी पुकारतील. तू खिडकीकडं बस. तुझे दोनी कान चांगले हायेत, तुला ठोकाठोकीचं काय न्हाई. मला भिंतीकडची ठेव.” मी म्हणालो, बरं. त्यानं एक पेरू निवडून मला दिला. मी तो तिथंच उभ्यानं खाल्ला.

त्या वेळी माझ्या मनात काही नव्हतं. हे खरं आहे का? मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. मनात काही नव्हतं, तर घरी आल्यावर वडलांना मी उगाच का म्हणालो, की उद्या कोण कुठं बसतो यावर पुष्कळ आहे? ते जानव्याला पीळ देत होते. म्हणाले, नाही झालं तर कचेरीत कागदांच्या नकला करायला ये, तहसीलदारांशी बोलून ठेवलंय. कचेरीतली ती खोली मी पाहिली होती. पाठीला पाठ लावून बसलेली माणसं, दौती, आणि दुपारी येणारा कुबट वास.

सकाळी माझं नाव पुकारलं. मी आत गेलो. साहेब उभाच होता. दांडगा माणूस, मिशी इतकी झुबकेदार की वरचा ओठ दिसत नव्हता. बाहेर तांबट लागलेले. मी दोन खुर्च्यांच्या मध्ये आलो —

आणि भिंतीकडच्या खुर्चीत बसलो.

कुणी बसवलं नाही. घाईत झालं नाही. मी साहेबाच्या मागून वळसा घालून गेलो आणि बसलो. वळसा घालताना पाऊल अडखळलंसुद्धा नाही.

युसुफ दारात आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, एवढंच. मी समोर तालुकदारांच्या पगडीकडे बघत होतो. तो खिडकीकडच्या खुर्चीत जाऊन बसला. करणार काय? भर दालनात साहेबाला सांगणार, जागा बदला? का, ते विचारलं असतं, आणि कानाचं बाहेर पडलं असतं.

व्याख्यान वारा आणि पाऊस यांवर होतं. समुद्राकडून आलेला वारा डोंगर चढताना पाऊस सांडतो आणि पलीकडे कोरडा उतरतो, म्हणून आपल्यासारख्या मुलखात पाऊस कमी. मला शब्द न् शब्द ऐकू आला. या वेळी दोराही हाताला लागला. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला युसुफ दिसत होता. सुरुवातीला त्यानं मान वळवून उजवा कान साहेबाकडे करायचा प्रयत्न केला. पण तसं केलं की समोरच्या मंडळींकडे जवळजवळ पाठच व्हायची. तालुकदारांनी भुवई उचलली. मग तो सरळ बसला आणि साहेबाच्या तोंडाकडे बघत राहिला. त्या मिशीकडे.

सांगायची पाळी आधी त्याची आली. मला व्हरांड्यात पाठवलं. दार उघडंच होतं. युसुफचं इंग्रजी माझ्याहून किती सफाईदार होतं, ते तेव्हाही जाणवलं. पण तो सांगत होता, की डोंगरापलीकडे पाऊस जास्त. ‘हाउएव्हर’ त्याला ऐकूच आलं नव्हतं. तो सगळं उलटं, फार सुंदर उलटं सांगत होता. मग मी आत जाऊन सांगितलं. मोडकंतोडकं, पण बरोबर. साहेब म्हणाला, दुसरा मुलगा हुशार आहे पण लक्ष देत नाही. वजिफा मला.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, तरुण वय, एक खुर्ची, क्षणाचा मोह. मीही कैक वर्षं तसंच म्हणत आलो. पण मला जे सांगायचं होतं ते खुर्चीचं नाही. ते संध्याकाळचं आहे.

संध्याकाळी पिल्ले मास्तर आमच्या घरी आले. ते कधी कुणाच्या घरी जात नसत. मला बाजूला घेऊन आपल्या मोडक्या मराठीत म्हणाले, “युसुफ असा चुकणार नाही. मी त्याला विचारलं, तो काय बोलत नाही. तू आत होता. तांबट लोकांचा आवाज येत होता काय? सांग. साहेब सकाळी जाणार. आवाज होता म्हणून सांगितलं तर डाक बंगल्यात तो त्याला परत ऐकेल. मी आता जातो.”

कानाचं सांगायची गरज नव्हती, बघा. युसुफचं गुपित मोडायचं नव्हतं. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. खिडकीकडे फार आवाज होता, एवढं. आणि मास्तर कंदील घेऊन निघालेच होते.

मी म्हणालो, “नाही सर. मला तर नीट ऐकू आलं.”

खोटं नव्हतं ते. मला नीट ऐकू आलं होतं. मास्तर तरी उभेच राहिले. मग मी आणखी बोललो, “त्याचं अलीकडे लक्षच नसतं, सर. दुकानात बसावं लागतं ना.” हे खोटं होतं. साफ खोटं. आणि ते मला कुणी विचारलंही नव्हतं.

मास्तर “असं?” म्हणाले आणि परत गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी युसुफशी बोलणं जवळजवळ सोडलं. मेहनत पाण्यात घालणारा मुलगा, असं त्यांचं मत झालं. ते मत मी करून दिलं.

मी हैदराबादला गेलो. पहिल्या सुट्टीत आलो तर युसुफ दुकानावर होता. मला बघून उठला, गल्ल्यावर धाकट्या भावाला बसवलं आणि म्हणाला, “चल, सांग. काय काय शिकवतात?” मी दोन व्याख्यानं म्हणून दाखवली. तो उजवा कान माझ्याकडे करून, डोळे मिटून ऐकत होता. मध्येच एका ठिकाणी म्हणाला, “थांब. इथं तुझा प्रोफेसर चुकला, न्हाईतर तू चुकलास.” मी चुकलो होतो.

मग डोळे उघडून म्हणाला, “त्या दिवशी तू भिंतीकडं बसलास ते बरंच झालं. त्या ठोकाठोकीत तुलाबी कळलं नसतं. दोघंबी बुडालो असतो.”

त्याला ते खरंच तसं वाटत होतं? की मला वाट काढून देत होता? की मी काय बोलतो ते बघत होता? मला अजून कळलेलं नाही. मी एवढंच म्हणालो, “उन्हं चढली, निघतो.” पुढच्या सुट्ट्यांत मी दुसऱ्या रस्त्यानं घरी जायला लागलो.

पुढं मी शिकलो, औरंगाबादला मास्तर झालो. इंग्रजीत शिकवतो. युसुफ बीड सोडून माजलगावला गेला, तिथं त्याचा फळांचा व्यापार आहे, मुलं आहेत, असं कानावर येतं. पिल्ले मास्तर मद्रासकडे परत गेले आणि तिकडेच वारले. युसुफबद्दलचं त्यांचं मत तेच राहिलं असणार.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाला माजलगावला गेलो होतो. टांगा बाजारातून निघाला आणि एका दुकानापुढं मला तो दिसला. दाढी पांढरी झालीय, अंगानं सुटलाय. टोपलीतली फळं वरखाली करत गिऱ्हाइकाशी बोलत होता, मान किंचित वळवून. टांगेवाल्याला मी थांबायला सांगितलं. टांगा थांबला. मी एक पाय पायरीवर ठेवला. सगळं बोलायचं ठरवून ठेवलं होतं — मास्तर घरी आले होते ते, मी काय म्हणालो ते. हे त्याला आजपर्यंत माहीत नाही. खुर्चीचं माहीत आहे, हे नाही.

त्यानं वर पाहिलं नव्हतं. टांगेवाल्यानं विचारलं, “उतरायचं हाय का, मास्तर?”

मी पाय आत घेतला आणि म्हणालो, “नाही. चल.”