डोंबिवली-कल्याणची नवी दुकानं मी बघून आले

आणि वर दादासाहेब मलाच म्हणतात की बाई, तुम्ही जग बघितलेलं नाही! अहो, तुमच्या त्या कौलारू ओळीत बसून मी अख्खं ठाणं बघितलं. कुणाकडे बाळंतीण आलीय हे मला डिंकाच्या मागणीवरून कळतं आणि कुणाकडे सासू आलीय हे भाजणीच्या. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला विकता विकता केस पिकत आले. जग बघितलं नाही म्हणे!

दादासाहेब म्हणजे आमचे मालक. पेठेतली आमची ओळ त्यांची. खाली दुकानाचे खण, वर माळा, पुढे ओटा. ती पाडून तिथे स्लॅबची दुमजली इमारत बांधायचं त्यांनी मनावर घेतलंय. लोखंडी शटर, विजेचे दिवे, मागे नळ. ओळीतल्या सगळ्यांनी सह्या दिल्या, माझी तेवढी राहिली. "तुम्ही एकट्या आडव्या पडल्यात," म्हणाले. "डोंबिवलीला जा, कल्याणला जा. तिथे झालंय सगळं. डोळ्यांनी बघा, मग बोला."

गेले. डोळ्यांनीच बघितलं. आता बोलते.

महिला मंडळाच्या हस्तलिखित अंकासाठी प्रवासवर्णन द्या म्हणून बायका माझ्या मागे होत्याच. त्यांना काशी-रामेश्वर हवं होतं. माझी डोंबिवली झाली, तीच वाचा. चौथीच्या वर माझी शाळा नाही, शुद्धलेखन ज्याचं त्याने घरी करून घ्यावं.

निघायच्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही, म्हणून शेवंता कंबरेवर हात ठेवून उभी. शेवंता खाडीपलीकडच्या गावची, घरचे सगळे मिठागरावर. ती मीठ, सुकट आणि परसातली भाजी घेऊन माझ्या दुकानापुढे बसते. आमच्या दुकानांना दार नाही हे बाहेरच्यांना सांगायला हवं. खाचेत उभ्या फळ्या सरकवायच्या की दुकान बंद. सकाळी फळ्या काढायच्या, त्यातल्या दोन पुढे दगडांवर आडव्या टाकायच्या. त्या फळीवर शेवंता बसते. भाडं मी घेत नाही. ती ओटा झाडते, मी जेवायला गेले की दुकानाकडे बघते. ओळीत सगळ्यांचंच असं आहे, ज्याच्या त्याच्या फळीवर कुणी ना कुणी बसलेलं. नव्या इमारतीत फळ्या नाहीत, ओटा नाही आणि पुढे कुणी बसायचं नाही, असं दादासाहेबांनी आधीच सांगून ठेवलंय. म्हणजे सही केली तर मला खण मिळतो आणि शेवंता उठते. गोष्ट एवढीच आहे.

"दुकान बंद ठेवून कया चाललीस गो?"

"इमारती बघायला."

"मना पन बगायच्यान. मी पन येतंय."

टोपली शेजारच्याकडे टाकून आली की बरोबर!

ज्यांना जायचं असेल त्यांनी दुपारची गाडी धरावी. हातपाय पसरून बसायला मिळतं. आम्ही मुंब्र्याच्या डोंगराखालून जाताना भाकरी सोडली. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी शेवंतेची, दही माझं. समोरच्या पांढऱ्या टोपीवाल्याने नाकाला रुमाल लावला. शेवंता त्याला म्हणाली, "काका, वास फुकट हाय, घ्या." पुढच्या स्टेशनावर त्याने डबा बदलला.

डोंबिवलीला उतरलं की एका बाजूला भातशेती आणि दुसऱ्या बाजूला नव्या चाळी, नवी बैठी घरं, दारात तुळस आणि खिडकीत पडदे. दुपारी गावात बाप्या दिसत नाही, सगळे मुंबईला कचेऱ्यांत. हवा चांगली आहे, विहिरींना पाणी आहे. रस्ते कच्चे, चपला हातात घ्यायची तयारी ठेवा. नव्या दुकानांची इमारत कुणालाही विचारा, लगेच दाखवतात. गावाला तिचा अभिमान आहे.

आणि खोटं कशाला सांगू, छान आहे इमारत. पिवळा रंग, वर गॅलरी, जमिनीला गुळगुळीत फरशी. मी हात फिरवून बघितला. माझ्या दुकानात पावसाळ्यात तीन ठिकाणी पातेली ठेवावी लागतात. उंदरांना तर माझ्या भाजणीची चव माझ्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त कळते. मला ती फरशी बघून हेवा वाटला.

पण शटरं निम्मी खाली. एक कापडवाला होता, एक डॉक्टर संध्याकाळी येतो म्हणे, आणि एका दुकानात रेडिओ मांडून एक तरुण माणूस वर्तमानपत्राने वारा घेत होता.

"काय हवंय, आजी?"

"आजी कुणाला म्हणतोस? रेडिओ किती खपतात ते सांग."

हसला बिचारा. "रेडिओ काय रोज घेतं का कुणी? रविवारी लोक येतात, ऐकून जातात."

आधी इथे काय होतं, विचारलं. म्हणाला, इथेही कौलारू दुकानंच होती. वाणी होता, पिठाची गिरणी, चांभार, कोपऱ्यात न्हावी. "न्हाव्याकडे नंबर लागेपर्यंत लोक गिरणीत दळण टाकायचे. दळण होईपर्यंत चांभाराकडे चप्पल द्यायची, वाण्याकडे गूळ घ्यायचा. माणूस एकदा आला की चार दुकानं फिरून जायचा. नव्या भाड्यात कोण बसणार त्यातलं? न्हावी ठाकुर्लीला गेला, झाडाखाली बसतो. आता डोंबिवलीचे साहेबलोक दाढीला ठाकुर्लीला जातात आणि भाजी येताना दादरहून आणतात."

"मग तू कशाला घेतलंस इथे?"

"इमारत बघून," म्हणाला. "इमारत बघून भुललो मी, बाई."

आम्हाला चहा हवा होता. त्या अख्ख्या इमारतीत चहा नव्हता. शेवंतेने वर बघून घेतलं. "दिवा लावलाय मोठा, पन बगायला कोन हाय?"

संध्याकाळी कल्याण. स्टेशनबाहेर टांगे उभे असतात. ते चार आणे मागतील, तुम्ही उतरून चालायला लागा, मग मागून तीन म्हणत येतील. तिथल्या पेठेत माझी मामेबहीण मथुरा राहते, तिच्याकडे उतरलो. मथुरेचं शिवणाचं दुकान होतं. चोळ्या, परकर, लहान मुलांची झबली. तिचा हात असा की माप न घेता नुसतं बघून चोळी बेतायची. तिची ओळ पाडून नवी इमारत झाली, तिला त्यात खण मिळाला, तेव्हा आम्हाला पेढे पाठवले होते तिने. तोच खण मला बघायचा होता.

"उद्या दाखव हां दुकान," मी जेवताना म्हटलं. वालाचं बिरडं केलं होतं तिने.

मथुरा वाढता वाढता थांबली. "दुकान नाही आता. सोडलं."

मशीन घरातच होतं, खिडकीपाशी. शेजारी एका व्यापाऱ्याच्या लेंग्यांचा ढीग. सगळे एका मापाचे. चोळ्या बेतणारी बाई आता नाड्यांच्या लेंग्यांना शिवण मारते.

भाडं झेपलं नसेल, मी म्हटलं. भाडं तर होतंच, ती म्हणाली, पण भाडं तिने हिशेबात धरलं होतं. दिव्याखाली जास्त शिवेन, निघेल. मग तिने जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहिते.

"अगं, माझ्या फळीवर दोघी बसायच्या. एक गजरेवाली, एक कोथिंबीरवाली. मला वाटायचं त्या माझ्या जिवावर बसतात. पुण्य म्हणून बसू देत होते मी त्यांना. सही करताना मनात आलं, जातील बिचाऱ्या कुठेतरी, आपण किती दिवस पोसायचं? नव्या जागेत गेले. शटर उघडून बसले. आठ दिवस झाले, पंधरा झाले. येईना कुणी. रस्त्यात एक जुनं गिऱ्हाईक भेटलं, तिला म्हटलं, काय गं, वाट विसरलीस? तर म्हणाली, अय्या, चोळी काय रोज शिवते का मी? मी कोथिंबिरीला यायचे. आले की तुमच्याकडे टेकायचे, गप्पा मारता मारता चोळीचा खण टाकून जायचे." मथुरेने पदर तोंडाला लावला. "त्या माझ्या जिवावर नव्हत्या गं. मी त्यांच्या जिवावर होते. आणि मी त्यांना उठवलं."

शेवंता खाली मान घालून भात कालवत राहिली. कालवलेलाच भात परत कालवत होती.

त्या दोघी कुठे आहेत, विचारलं. गजरेवाली देवळापाशी दिसते कधीमधी, मथुरा म्हणाली. दुसरीचा पत्ता नाही.

सकाळी मथुरेने नवी इमारत दाखवली, मी बघितली, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. डोंबिवलीचीच बहीण. पण त्या इमारतीसमोर रस्ता ओलांडून एक जुनी ओळ अजून उभी आहे, ती मात्र जाणाऱ्यांनी जरूर बघावी. सकाळी लवकर जा. खाचेतून फळ्या निघण्याचा आवाज एका टोकापासून सुरू होतो तो दुसऱ्या टोकापर्यंत जातो. फळी पडली की टोपली टेकते. कल्हईवाला, फुटाणेवाला, सुया-दाभणवाली, कुलपं दुरुस्त करणारा. पाय ठेवायला जागा नाही, आणि आश्चर्य म्हणजे पाय ठेवायला जागा नाही म्हणून कुणी परत जात नाही.

तिथे चहा मिळाला. भजीही मिळाली, गरम, तीच खा.

एका खणात पापडांच्या थप्प्या लावून एक सिंधी बाई बसलेली. फाळणीनंतर कॅम्पात आलेल्यांपैकी. तिचे पापड मी दाताने तोडून बघितले, मिरी चांगली. धंद्यातली बाई धंद्यातल्या बाईला ओळखते, बोलायला लागलो. ती तिच्या हिंदीत, मी माझ्या.

"पहिल्यापासून इथेच?"

"पहले फळी पे," तिने पुढच्या फळीकडे बोट केलं. "फिर आधा खण. अब पूरा. सामने नयी बिल्डिंग में भी पूछा था. बोले, पगडी लाओ." ती हसली. "पगडी कहाँ से लाती? मेरे पास तो पापड था."

तिच्या फळीवर आता कोण होतं सांगू? एक म्हातारी लिंबं घेऊन बसली होती. सिंधी बाईने पापडाची थप्पी बांधताना तिच्याकडून एक लिंबू उचललं आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकलं. "ले जाओ, पापड के साथ अच्छा लगता है." गिऱ्हाईक मग आणखी चार लिंबं घेऊन गेलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. रोजचंच असणार.

मथुरा माझ्या शेजारी उभी होती. ती त्या लिंबांकडे बघत राहिली. मी तिला चल म्हटलं तर म्हणाली, तू जा पुढे. या ओळीची कागदपत्रं झालीत, पावसाळ्यानंतर हीपण जाणार, हे तिने मला टांग्यात बसताना सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी ती भजी खाल्ली नसती.

परतीच्या गाडीत शेवंता खिडकीशी बसली. एरवी तिची टकळी थांबवावी लागते. खाडी आली, मिठाचे ढीग दिसायला लागले, तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू सही कर गो."

"काय?"

"तुजी कौला गलतान. तुजे डोळे गेले चिमनीच्या उजेडान. मी बगीन कया तरी. मना काय, टोपली डोक्यावर घेतली का मी चालली."

वाईट याचं वाटलं की ती खोटं बोलत नव्हती. माझे डोळे चुरचुरतात. मला तो दिवा हवाय. नळ हवाय. पाठीत कळ येते विहिरीवरून पाणी आणताना. मी जे बघायला गेले होते ते मला आवडलं होतं, आणि आवडलं होतं म्हणूनच मी ठाणं येईपर्यंत मिठाचे ढीग मोजत बसले.

घरी येऊन आज चार दिवस झाले. मंडळातल्या बायका विचारतात, काय काय बघितलंत? कल्याणचा पापड आणलाय तो खाऊन बघा. डोंबिवलीची हवा चांगली, म्हातारपणी राहायला जावं अशी. मथुरेला मी म्हटलंय, ये माझ्याकडे, माळ्यावर मशीन लाव, पेठेत चोळ्यांना बायका रडतायत. यायचं म्हणते. पण कुठल्या माळ्यावर, कुणाच्या भरवशावर बोलावू मी तिला? रात्री डोळा लागत नाही आणि दिवसा भाजणी करपते.

तेव्हा दादासाहेब, हे तुमच्यासाठी. अंक तुमच्या घरीच आधी जातो. वासे किडलेत, मला मान्य. उंदीर आहेत, मान्य. वासे बदला, शाकारणी करा, वीज आणा, आम्ही सगळे त्यात आपापला वाटा उचलू, ओळीतल्यांना मी विचारलंय. सह्या दिलेल्यांनाही विचारलंय, आणि त्यातल्या निम्म्यांनी माना खाली घातल्या. जुन्याला दिवा लागत नाही असं कुठल्या शास्त्रात आहे? आणि पाडायचीच असेल तर फळीवरची माणसं कुठे बसणार ती जागा नकाशात दाखवा. नसेल जागा तर नाही म्हणा. पण गावाचं भलं होतंय हे मला सांगू नका, ते भलं मी दोन दिवस चालून बघून आलेय.

बुधवारपर्यंत मला उत्तर पाहिजे. मुनीम पाठवू नका, स्वतः या, सकाळी बाजार भरलेला असताना या. आणि जे काय असेल, हो किंवा नाही, ते मला नका सांगू. शेवंतेला सांगा.