बायकांच्या बाजूचा स्पीकर

जत्रेच्या आदल्या आठवड्यातल्या सोमवारी, सकाळी साडेनऊच्या सुमाराला, माझ्या उजव्या कानाला ऐकू येणे बंद झाले. हे मला रविवारी संध्याकाळी कळले. मधले दिवस मी एका यंत्रातला दोष शोधत होतो.

यंत्र म्हणजे गिटारला लावायचा स्टिरिओ फ्लँजर. तळहाताएवढी लोखंडी डबी, पायाने दाबायचे बटण, वर चार नॉब. गिटारचा आवाज आत गेला की त्याचे दोन होतात. एक जसाच्या तसा, दुसरा किंचित मागे राहिलेला. मागचा आवाज सतत पुढेमागे सरकतो, आणि दोन्ही मिसळले की डोक्यावरून विमान गेल्यासारखा घोंगावणारा सूर तयार होतो. डबीतून आवाज बाहेर पडायच्या जागा दोन आहेत, डाव्या स्पीकरसाठी एक आणि उजव्यासाठी एक. दोन्हीकडे वेगळा आवाज जातो. त्यामुळे विमान एका बाजूने आले आणि दुसऱ्या बाजूला गेले असे वाटते.

मला तेवढे विमानच हवे होते. धारगळला आमच्या वाड्यावरची मंडळी जत्रेत दरवर्षी नाटक करतात. मी पणजीच्या एका दैनिकात उपसंपादक आहे आणि बरीच वर्षे या नाटकाला गिटार वाजवतो. यंदाच्या नाटकात शेवटी मुलगा परदेशी जातो आणि आई अंगणात उभी राहून वर बघते. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्याकडे विमानाचा आवाज सगळ्यांना पाठ आहे. मोबाइलवरचा आवाज लावला तर लोक हसतील, असे दिग्दर्शकाचे म्हणणे होते.

"विमान दादल्यांच्या बाजूसून येवंक जाय आनी बायलांच्या बाजूक जावंक जाय," तो म्हणाला. देवळापुढच्या मांडवात रंगमंचाकडे तोंड केले की पुरुष डावीकडे बसतात, बायका उजवीकडे. जमेल, असे मी सांगितले.

सोमवारची वेळ मी नंतर ठरवली. त्या आठवड्यात माझी पाळी सकाळची होती. उजव्या कानात घाट चढताना होते तसे काही झाले आणि बारीक शिट्टी सुरू झाली. ऑफिसच्या देखभालीच्या माणसाला मी पाठवलेला संदेश फोनमध्ये आहे: "माझ्या उजवीकडच्या एसीतून शिट्टीसारखा आवाज येतोय. बघा." वेळ नऊ छत्तीस. तो आला, एसी उघडला, आवाज नाही म्हणाला. मी त्याला पुन्हा बघायला सांगितले.

दिवसभरात दुसरे काही लक्षात आले नाही, त्याला कारण होते. फोन मी डाव्या कानाला लावतो, कारण उजव्या हाताने लिहून घ्यायचे असते. बातमीदारीत होतो तेव्हाची ही सवय आहे. डेस्कवरचे सहकारीही माझ्या डावीकडेच बसतात. उजवीकडे भिंत आहे.

त्याच संध्याकाळी घरी फ्लँजर पहिल्यांदा जोडला. गिटार, मग आवाज फाडणारी डिस्टॉर्शनची डबी, मग फ्लँजर, मग छोटा मिक्सर आणि हेडफोन. क्रम हाच लागतो. साध्या सुरात फ्लँजरला घोंगावण्यासारखे फारसे मिळत नाही. रेटचा नॉब जवळजवळ शून्यावर ठेवला, डेप्थ पूर्ण, मॅन्युअल मध्यावर, रेझोनन्स घड्याळातल्या तीनच्या जागेवर. एक कॉर्ड, म्हणजे काही तारांचा एकत्र सूर, वाजवून धरली. विमान डावीकडून आले, डोक्याच्या मध्यापर्यंत पोचले आणि नाहीसे झाले. हेडफोन जुना होता. त्याची उजवी बाजू गेली, असे मी तालमीच्या वहीत लिहिले.

मंगळवारी मांडवात साऊंडवाल्याशी वाजले. हा मूळचा सावंतवाडीकडचा, धारगळला हमरस्त्यावर त्याचे भाड्याच्या स्पीकरांचे दुकान आहे. त्याने माझ्या दोन वायरी हातात घेतल्या.

"दोन कशाक?"

"एक डावीकडे, एक उजवीकडे."

"हयसर तसा चालणा नाय. दादल्यांका एक आयकाक येतला नि बायलांका दुसरा, तर उद्या भांडाण माझ्या दारात." त्याने दोन्ही वायरी एका जोडणीत घालून एकच केली. "पत्रकारानू, तुमच्या पेपरात दोन बाजू असतत. माझ्या साऊंडात एकच."

मी कॉर्ड वाजवली आणि बटण दाबले. साधी गिटार वाजली. या डबीच्या दोन बाजूंतला मागे राहिलेला आवाज एकमेकांच्या उलट असतो. दोन्ही बाजू एकत्र जोडल्या की तो आवाज आपोआप पुसला जातो.

"विमान खंय? ही तर साखळीक जाणारी बस," साऊंडवाला म्हणाला. मांडवातले सगळे हसले. मी समजावून सांगितल्यावर मात्र त्याने ऐकले, आणि बुधवारी वायरी वेगळ्या करून आणल्या.

बुधवारी तालमीला बायका त्यांच्या बाजूला बसल्या होत्या. काही जणी हार ओवत होत्या. माझी बायकोही त्यांच्यात होती. मी रंगमंचापुढे, त्याच्याकडे तोंड करून, नेहमीच्या खुर्चीवर. विमान पुरुषांच्या बाजूने आले आणि तिथेच राहिले. मी फ्लँजरच्या दोन वायरींची अदलाबदल केली. आवाज डावीकडूनच. पुरुषांच्या बाजूचा स्पीकर बंद करून फक्त बायकांच्या बाजूचा चालू ठेवायला सांगितला. आवाज बारीक झाला, पण आला डावीकडूनच.

"तुम्ही वायरी अजून जोडलेल्याच ठेवल्यात," मी साऊंडवाल्याला म्हणालो.

त्याने दोन्ही वायरींची टोके वर धरून दाखवली. "ही काय? डोळ्यांनी बगा. पंचवीस वर्सां ह्याच करतंय मी, आनी आज तुमी माका खोटो ठरवतात?"

मी वळून बायकोला हाक मारली. "तिकडे येतंय का काही?"

"बरोच येता! विमान आमच्या माथ्यार येवन गेला. तुमीच कान खंय ठेवन इलात?" बायका हसल्या. शेजारची म्हणाली, "पेपरात ठेवन इले असतले."

पुरुषाने तालीम चालू असताना बायकांच्या बाजूला जाऊन उभे राहायचे नाही, असा आमच्याकडे लिहिलेला नियम नाही. मी गेलो नाही. वहीत लिहिले: बायकांच्या बाजूचा स्पीकर सदोष. वायर, स्पीकर, जोडणी, सगळे मी बदलून पाहिले. खुर्ची बदलली नाही.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर फ्लँजर घेऊन साखळीला गेलो. तिथे हार्मोनियमपासून अँप्लिफायरपर्यंत सगळे दुरुस्त करणारा एक जण आहे. त्याने डबी उघडली, सोल्डर तपासले, बंद केली. मग स्वतःचे हेडफोन लावून बराच वेळ ऐकले. दोन्ही बाजूंना विमान फिरवले.

"दोनूय कडेन वाजता. मशीन नवें आसा. तुमचो कान धुवून घेयात."

हा टोमणा आहे असे मी समजलो. हेडफोन त्याने मला दिले नाहीत. मीही मागितले नाहीत. उपसंपादकाला एक गोष्ट सुरुवातीलाच शिकवतात: दोन स्वतंत्र सूत्रांनी सांगितले तर बातमी घ्यावी. माझ्याकडे तीन होती: साऊंडवाला, बायको आणि हा. परतीच्या वाटेवर, डिचोलीत थांबून, मी नव्या वायरी विकत घेतल्या.

शुक्रवारी नव्या वायरींनीही तेच झाले. नाटक पुढच्या गुरुवारी होते. दिग्दर्शकाने विचारले, विमान काढून टाकू का. मी नको म्हणालो. कॉर्ड नीट धरता येत नव्हती, याची नोंद वहीत आहे. कारणाच्या जागी 'झोप नाही' असे लिहिले आहे. शिट्टी थांबली नव्हती. उजवीकडे वळताना तोल जात होता. घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो की कानाला दडे बसलेत. तिने खोबरेल तेलात लसूण कढवला, कोमट करून कानात चार थेंब घातले आणि कापूस लावला. शनिवारी कापूस काढला. दडे तसेच होते. शनिवारी मी साऊंडवाल्याला दुसरा मिक्सर आणायला लावला.

"आता मांडव बदलूया काय?" त्याने विचारले.

रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी घरासमोर खळ्यात उभा होतो. बायको तारेवरचे कपडे काढत होती. विमानाचा आवाज आला. मी डावीकडे, पोफळीच्या कुळागराच्या दिशेला बघितले. ते दिसले नाही.

"थंय खंय बगतात?" ती म्हणाली. "विमान हंय आसा." तिने हात केला तो उलट दिशेला, हमरस्त्याकडे. विमान तिकडे होते, खाली आलेले, दिवे लागलेले. आवाज मला कुळागरातूनच येत होता.

मी डाव्या कानात बोट घातले. विमान बंद झाले. बायकोचे ओठ हलत होते. बोट काढले तेव्हा ती विचारत होती, "कितें जालां? अवो, कितें जालां?" मी पुन्हा बोट घातले, पुन्हा काढले. असे चार-पाच वेळा केले. मग तिला उजव्या बाजूला उभे करून, बोट न काढता, काहीतरी बोल म्हणालो. ती बोलली असावी. कारण थोड्या वेळाने तिने कपडे खाली टाकले आणि माझा हात धरून तो कानातून ओढून काढला.

सोमवारी सकाळी आम्ही दोघे म्हापशाला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरने कानात बघितले, मळ नाही म्हणाला आणि तपासणीला पाठवले. काच असलेल्या लहान बंद खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, आवाज आला की हातातले बटण दाबायचे असते. डावा कान झाला. मग मी वाट बघत बसलो. बराच वेळ गेल्यावर काचेपलीकडच्या मुलीला विचारले, "उजवा सुरू करताय ना?"

ती आत आली. "झाला," म्हणाली. "संपला."

डॉक्टरने विचारले, कधीपासून. बुधवारपासून, मी सांगितले. मग फोन काढून एसीचा संदेश शोधला आणि दुरुस्ती केली: सोमवारपासून, नऊ छत्तीसच्या आधी. डॉक्टरने कागदावर सोमवार लिहिले. अशा अचानक बहिऱ्या झालेल्या कानाला स्टेरॉइड द्यावे लागते, जितके लवकर तितके बरे, पहिल्या दोन-तीन दिवसांत आलात तर सगळ्यात चांगले, असे त्याने सांगितले. कारण बहुतेक वेळा सापडत नाही. कान परत येईल का, या प्रश्नावर तो म्हणाला, "आता सांगता येणार नाही. डावा सांभाळा. मोठ्या आवाजात बसू नका."

"माज्या तेलान जाला काय?" बायकोने विचारले.

"नाही," डॉक्टर म्हणाला. तिने बाहेर आल्यावर मला तेच पुन्हा विचारले. घरी पोचेपर्यंत तिने तीनदा विचारले. मी तिन्ही वेळा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा ती माझ्या उजवीकडून बोलली होती, म्हणून मला चेहऱ्यावरून ओळखावे लागले.

गोळ्या सुरू झाल्या. त्याच आठवड्यात कानाच्या पडद्यातून पहिले इंजेक्शन दिले. सुई दिसत नाही. औषध घशात उतरल्यासारखे वाटते. रोज सकाळी डाव्या कानात बोट घालून मी भिंतीवरच्या घड्याळासमोर उभा राहायचो. बायको स्वयंपाकघरातून भांडे वाजवायची, मग दारात येऊन मान हलवून विचारायची. मीही मान हलवून उत्तर द्यायचो.

दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, साऊंडवाला घरी आला. त्याला कोणीतरी सांगितले होते. तो उंबऱ्यापाशी उभा राहिला, आधी डावीकडे आणि मग उजवीकडे सरकला, कुठून बोलावे हे त्याला कळेना.

"भाऊनू," तो म्हणाला, "विमान रवांदे. मी बस सोडतंय."

मी नको म्हणालो. विमानच वाजवायचे ठरले. गुरुवारी डाव्या कानात मेण लावलेला कापूस कोंबून मी मांडवात गेलो. बायकोने नेलपॉलिशने चारी नॉबांवर ठिपके दिले होते, म्हणजे ऐकून जुळवायची गरज नव्हती. शेवटचा प्रसंग आला तेव्हा साऊंडवाल्याने मिक्सरपाशी बोट वर केले. मी खुर्ची फिरवली आणि त्या नाटकात पहिल्यांदा प्रेक्षकांकडे तोंड करून बसलो. कॉर्ड वाजवून धरली, बटण दाबले. बोटांखाली तारा हलत होत्या. मला काही ऐकू आले नाही. आधी पुरुषांच्या बाजूच्या माना वर झाल्या. मग मधल्या. मग बायकांच्या बाजूच्या माना वर झाल्या आणि त्यांच्या उजवीकडे वळल्या. एका आजीने पदर कपाळावर धरून वर बघितले. माझ्या बायकोने वर बघितले नाही. ती माझ्याकडे बघत होती.

इंजेक्शने एकूण तीन झाली. दुसरी तपासणी त्यानंतर झाली, तिसरी गेल्या महिन्यात. तिसऱ्या वेळी काचेपलीकडे तीच मुलगी होती. उजव्या कानाच्या वेळी मी बटणावर अंगठा ठेवून बसलो आणि तिने दार उघडेपर्यंत तो तसाच, न दाबता, ठेवला. तीन आलेख आता एकाच फायलीत आहेत. डाव्या कानाच्या रेषेत थोडा फरक आहे. उजव्या कानाच्या तिन्ही रेषा सारख्या आहेत.