मापावरचा भात

माझं आयुष्य दुसऱ्यांच्या कमरा मोजण्यात गेलं. अष्टमीला घराच्या पुढच्या खोलीत मी ब्लाउज आणि ड्रेस शिवते. पूल ओलांडून रोह्याच्या बायकाही येतात. गेल्या दिवाळीपासून कोण किती सुटली हे मला टेप लावायच्या आधी दिसतं. स्वतः मात्र दिवसभर मशीनपुढे बसून, चहात खारी बुडवत, मी किती पसरले याकडे मी सोयीस्कर कानाडोळा केला. माझ्या ब्लाउजांना मी शिवणीच्या आत भरपूर माया सोडायची आणि दरवर्षी गुपचूप उसवायची. आपण हसे लोकाला अन् शेंबूड आपल्या नाकाला, दुसरं काय!

माहेर पेणचं. घराच्या पडवीतच गणपतीचा कारखाना, त्यामुळे आम्ही भावंडं मातीच्या वासातच वाढलो. बाबा शाडूच्या मूर्ती करायचे. एखादं गिऱ्हाईक मूर्ती उचलताना कण्हलं, की बाबा खूश व्हायचे. म्हणायचे, "जड हाय म्हणजे शाडूचा हाय. हलका पायजे तर पीओपीचा घे, समोर मिळंल." हलकं ते खोटं, असा त्यांचा साधा हिशेब होता, आणि तो ते माणसांनाही लावायचे. सडपातळ जावई बघून त्यांनी मला आत बोलावून विचारलं होतं, "आतून पोकळ तर नाय ना?"

मागच्या वर्षी गणपती आटोपले आणि पितृपक्षात बाबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, यांना रोज उठवून खुर्चीत बसवा, पडून राहिले तर छातीत कफ साठेल आणि मग अवघड होईल. सांगायला सोपं होतं. आईचे गुडघे तिचंच वजन कसंबसं पेलतात. धाकटा भाऊ डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर, शिफ्ट संपली की उरलेल्या वेळात कारखाना बघतो, आणि मूर्ती उचलून उचलून त्याच्या कमरेला आधीच पट्टा. म्हणून मी मशीन पेणला हलवलं. शनिवारी अष्टमीला नवऱ्याकडे, सोमवारी पहिल्या एसटीने परत. नवऱ्याने कुरकुर केली नाही. तो आतून पोकळ नाही.

पहिल्याच सोमवारी मी बाबांना उठवायला गेले. एवढी आडवी बाई, माझ्या अंगात ताकद असणारच, असं मला खरंच वाटायचं. मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि ओढलं. ते अर्धे उठले, मी श्वास घ्यायला थांबले, आणि माझे गुडघे लटपटले. आम्ही दोघं खाली. ते माझ्या अंगावर पडले म्हणून त्यांना लागलं नाही. माझी चरबी त्या दिवशी पहिल्यांदा कोणाच्या उपयोगाला आली. आईने आरडाओरडा केला. पडवीतून दोन कारागीर मातीने बरबटलेल्या हातांनी धावत आले आणि त्यांनी बाबांना उचलून पलंगावर ठेवलं. या दोघांच्या हातात मातीचा पहिला गोळा बाबांनीच दिला होता. बाबांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या सदऱ्यावर चारी बाजूंनी मातीचे पंजे उमटले होते.

संध्याकाळी ते म्हणाले, "परत नको." कारागीर नकोत, भाऊ नको, मी तर नकोच. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. भिंतीपलीकडे पडवी, तिथे माती मळल्याचा आवाज येत होता, आणि ज्याची ती पडवी त्या माणसाला ती दिसत नव्हती. मला स्वतःची इतकी चीड आली की त्या रात्री मी जेवले नाही. नंतर कळलं की चिडून उपास केल्याने काही होत नाही, दुसऱ्या दिवशी दुप्पट खाल्लं जातं.

सकाळी शाडूच्या गोण्या तोलायच्या काट्यावर उभी राहिले. दोन गोण्या आणि वर थोडी माती, एवढी मी. कारागिरांपैकी थोरला म्हणाला, "ताय, काटा बिघडंल हां." मी म्हटलं, "काटा नाय, मी बिघडलेय. दुरुस्त करते."

जिम वगैरे मला जमणारं नव्हतं, आणि बाबांना सोडून जाणार कुठे? मोबाइलवर एक ॲप घेतलं, खाल्लेलं त्यात लिहायचं, ते उष्मांक सांगतं. भात तोलायला लहान काटा मागवला. ॲप बिचारं आमच्या बाजूचं नव्हतं. तांदळाची भाकरी शोधली तर त्याने पापडाचं चित्र दाखवलं. वालाचं बिरडं तर त्याच्या खिजगणतीत नव्हतं. मग मीच एकेक पदार्थ तोलून, साहित्य मोजून त्याला शिकवला. वीस वर्षं मापं घेतलेली बाई मी, एकदा मोजायचं म्हटल्यावर चमचाभर तेलसुद्धा सुटायचं नाही. खारी बंद केली तेव्हा मात्र कोणी वारल्यासारखं वाटलं.

व्यायामही घरातलाच. स्टुलावर बसायचं आणि हात न टेकता उठायचं. शाळेत ज्या उठाबशा शिक्षा म्हणून काढल्या त्या आता हौसेने काढत होते, आणि पहिले काही दिवस जिना उतरताना रडू यायचं. मग शाडूची पाव गोणी पिशवीत भरून घेतली आणि ती पोटाशी धरून उठू लागले. कारागीर हसायचे. "ताय, कारखान्यात भरती व्हायचं हाय काय?" मी म्हणायची, "तुमचीच जागा घेते, थांबा."

आईला व्यायामाचं काही नव्हतं, तिला काटा खुपायचा. "खाणाराचा भात कोन मोजतं काय गो? बरकत जाते घरातली." तिच्या घरात भाकऱ्याही कधी मोजून थापल्या गेल्या नाहीत. मी तिला समजावलं, मग ओरडले, शेवटी हात टेकले. काही दिवसांनी तीच म्हणाली, तू शिवणाचं बघ, मी देते तोलून. मला वाटलं, जिंकलं.

आधी वजन उतरत होतं, ते थांबलं. उपाशी असल्यासारखी चिडचिड नाही, काटा हलेना, ॲप म्हणतंय सगळं बरोबर. मी त्या फोनला नाही नाही ते बोलले. मग एकदा दुपारी दोरा विसरला म्हणून आत गेले तर आई ओट्याशी उभी. माझं ताट काट्यावरून उतरवलं, आकडा मला सांगण्यासाठी तोंडाने घोकला, आणि वर डावभर भात घातला. वरणाखाली तो लपवलाही.

"आये, हे काय?"

ती दचकली, पण ओशाळली नाही. "मोजलेलं तसंच कसं वाढू? दुकानदार पन माप झाल्यावर वर मूठभर टाकतो. तू तर पोटची हायस."

मला हसावं की रडावं कळेना. महिनाभर मी फोनशी भांडत होते आणि बरकत रोज माझ्या पोटात जात होती. मी भांडले, खूप भांडले. ती एवढंच म्हणाली, की हात रिकामा मागे घ्यायचा तिला जमत नाही. तेव्हा आमचा तह झाला. माझ्या मापावरचा डावभर भात तिने बाबांच्या ताटात वाढायचा. बरकत घरातच राहील आणि मला कंबर राहील. तेव्हापासून माझं वजन पुन्हा उतरू लागलं. बाबा तो भात बहुतेक वेळा टाकायचे. मी ते पाहत होते, पण माझं लक्ष माझ्या ताटाकडे जास्त होतं.

पिशवीतली माती वाढत गेली. उन्हाळ्यापर्यंत मी अर्धी गोणी कवटाळून उठत होते, आणि ब्लाउज उसवण्याऐवजी टाचत होते. पण बाबांच्या पलंगाजवळ गेले की पुढे केलेला हात मी मागे घ्यायची. त्या पडण्याची आठवण दोघांनाही होती.

ज्येष्ठात कारखान्यात एक नवा मुलगा आला. पहिल्याच दिवशी त्याने ओल्या मूर्तीला दंडाला धरून सरकवायला हात घातला आणि भाऊ पडवीच्या त्या टोकावरून ओरडला, "हाताला धरून देव उचलायचा नाय!" हे वाक्य बाबांचं. लहानपणापासून मी ते हजारदा ऐकलंय. ओली मूर्ती हाताला धरली की हात निखळतो. खाली बसायचं, पाटाखाली हात घालायचे, मूर्ती छातीशी घ्यायची आणि मांड्यांवर उठायचं. मशीनवरचा माझा पाय तसाच थांबला. कारखानदाराची मुलगी मी, आणि बापाला मी हातांना धरून ओढलं होतं.

मग मी ताडपत्रीचा एक रुंद पट्टा शिवला, मागे धरायला दोन कड्या. बाबांचे सदरे मीच शिवते, त्यांचं माप मला पाठ, म्हणून टेप लावली नाही. पट्टा शिवून झाला तेव्हा मी शाडूची अख्खी गोणी छातीशी धरून उठत होते. बाबांना मी आधी ते दाखवलं. त्यांच्यासमोर स्टुलावर बसले, गोणी कवटाळली आणि उठले. ते बघत राहिले. मग डाव्या हाताने मला खुणेने बोलावलं.

श्रावण लागला होता. पडवीत मूर्ती रंगून ओळीने उभ्या होत्या, डोळ्यांची आखणी चालू होती. भावाने चाकाची खुर्ची उंबरठ्यापलीकडे लावली आणि तो बाजूला झाला. बाबांनी त्याला तसं बजावलं होतं. मी त्यांना पट्टा बांधला. तो सैल पडला. पुन्हा ओढून बांधला. त्यांच्यासमोर खाली बसले, त्यांचा चांगला पाय माझ्या पायाला टेकवला, हात कड्यांत घातले, त्यांना छातीशी घेतलं आणि होतं नव्हतं ते बळ लावून मांड्यांवर उठले.

तोल मागे जाता जाता वाचला. इतकं बळ लागणारच नव्हतं. माझ्या मिठीत काहीच नव्हतं, सदरा होता आणि सदऱ्यात हाडं. मी अख्ख्या गोणीची तयारी केली होती आणि बाबा गोणीभरही उरले नव्हते. मी माझं वजन मोजत होते, त्या सगळ्या महिन्यांत, आणि त्यांचं भिंतीकडे तोंड करून उतरत चाललं होतं.

कानाशी त्यांचा ओला, अडखळता आवाज आला. "जड... हाय का गो?"

त्या फोनला मी इतक्या दिवसांत एक घास खोटा सांगितला नव्हता. "जड हाय बाबा," मी म्हटलं, आणि जोरात कण्हले. "अस्सल शाडू."

त्यांच्या तोंडाची चांगली बाजू हसली. तसंच कवटाळून मी त्यांना उंबरठा ओलांडून नेलं आणि खुर्चीत ठेवलं. समोर मूर्तींच्या रांगा होत्या. थोरला कारागीर हातातला कुंचला खाली ठेवून उभा राहिला. बाबांनी त्याला डाव्या हाताने खूण केली, की थांबू नको, रंग वाळेल.

मी आत स्वयंपाकघरात गेले. आई भात काढत होती. मी तिला हळू आवाजात सांगितलं, की आये, बाबा खूप उतरलेत गो, हातात काही लागलंच नाही.

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "रोज कूस मी बदलते त्यांची," ती म्हणाली. "मला काय सांगतेस?"

मग तिने बाबांचं ताट केलं, त्यावर वरचा डावभर घातला. माझं ताट घेतलं, काटा बाजूला सारला आणि भात वाढला, वर आणखी डावभर. मी खाली बसून तो सगळा खाल्ला. फोनमध्ये लिहिला नाही.