बहिणीच्या नावापुढची कोरी जागा

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी ग्लासगोला इतिहास शिकत होते. पूर्वी इथली गरीब, अनाथ मुलं जहाजानं कॅनडाला पाठवायचे, तिथल्या शेतांवर राबायला. तोच माझ्या प्रबंधाचा विषय होता. पुढे कॅनडातच संशोधन करायचं माझ्या मनात होतं.

जुनी रजिस्टरं एका बंद पडलेल्या अनाथाश्रमाच्या इमारतीत ठेवलेली होती. डिसेंबरातल्या एका दुपारी मी तिथे ती चाळत बसले होते. तीनलाच अंधारून आलेलं असताना, एक म्हातारी बाई समोर येऊन बसली. उच्चार कॅनेडियन होते.

"डोळे अधू झालेत गं. माझ्या धाकट्या बहिणीचं नाव शोधून देतेस?"

दोघी बहिणींची नावं एकाच पानावर सापडली. हिच्या नावापुढे जहाजाची नोंद होती. धाकटीच्या नावापुढे काहीच नव्हतं.

"आम्ही याच खोलीत झोपायचो," ती म्हणाली. "तू बसलीस ना, तिथे तिचा पलंग होता. मला नेलं त्या सकाळी ती झोपेत होती. तिला उठवू दिलं नाही मला."

उठावंसं वाटत होतं, पण खुर्ची वाजली तर कुणीतरी जागं होईल, अशी वेडी भीती वाटली. ती माझ्या खांद्यामागे बघत हळूच काहीतरी पुटपुटत होती.

निघताना मी चाचरत कॅनडाला जायचा माझा बेत सांगितला.

"जा की," ती म्हणाली. "तू आपणहून जाते आहेस."

मी गेले. दोन वर्षं तिथली दप्तरं चाळली. धाकटीचं नाव कुठेच सापडलं नाही.