पान तेराशे बारा

भामरे सर टिपण काढताना पानाचा आकडा मोठ्यानं म्हणायचे. मी सुरतेतल्या एका कॉलेजची ग्रंथपाल, वाचनालयात शांतता राखणं माझं काम. पण त्यांना गप्प बसवायला माझी कधी जीभ रेटली नाही. "आकडा तोंडानं म्हटला की हात चुकत नाही, ताई," ते म्हणत.

मूळचे खानदेशचे, महापालिकेच्या मराठी शाळेत मास्तर. निवृत्तीला टेकले होते आणि सुरतेजवळच्या चलथाणच्या ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शिक्षणावर पीएच.डी. करत होते. मधुमेहानं नजर अधू झालेली. म्हणून मीच त्यांना कॉलेजचं ई-रीडर दिलं, अक्षरं सगळ्यांत मोठी करून दिली. पहिलं पान वाचून झाल्यावर एरवी प्रमाण मराठी बोलणारा हा माणूस अहिराणीत म्हणाला, "मन्हा डोया परत उनात, ताई." डोळे परत आले होते त्यांचे.

प्रबंध गेला आणि शेरा आला: संदर्भ बनावट. अडीचशे पानांच्या पुस्तकातलं तेराशे बारावं पान कुठून आणलं, असं परीक्षकांनी विचारलं होतं. अक्षरं मोठी केली की त्या यंत्रात पानांची संख्याही वाढते. मला हे ठाऊक होतं, सरांना सांगायचं राहून गेलं होतं.

आता सांगितलं, तर सर चिडले नाहीत. "मग एवढं लिहून द्या ना, ताई. पस्तीस वर्षं पोरांना कॉपी करू दिली नाही मी."

"देते," मी म्हणाले. त्याच दिवशी पत्र लिहून प्राचार्यांपुढे ठेवलं. त्यांनी ते परत माझ्याकडे सरकवलं. "रहेवा दो ने, बेन. कॉलेजनुं नाम खराब थशे." मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. कॉलेजचं नाव खराब होईल म्हणून नव्हे; मला नोकरी प्यारी होती, दुसरं काही नाही.

सरांनी दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. छापील पुस्तकं मागवून भिंगानं एकेक पान शोधू लागले. आता आकडे म्हणत नसत. काही महिन्यांत उजवा डोळा गेला, डावाही अंधुक झाला. एके दुपारी त्यांच्या सूनबाईंनी ई-रीडर आणि सरांची टिपणांची वही आणून दिली. "बाबा गावी गेले. आता इथं काय करणार?"

मी यंत्र चालू केलं. अक्षरं तशीच मोठी होती. तेराशे बारावं पान काढलं, सरांची टीप शेजारी धरली. शब्दाला शब्द जुळला. बाकीच्या टिपाही ताडून पाहिल्या. एकही आकडा चुकला नव्हता. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

यंत्र परत आलं की पुढच्या वाचकासाठी अक्षरं लहान करून ठेवायची, असा आमचा नियम आहे. मी ती लहान केली. तेराशे बारावं पान उरलं नाही.