उत्तनचा बातमी सांगणारा

लढाईच्या सालांत आमच्या उत्तनात रेडिओ एकच होता आणि इंग्रजी कळणारा माणूसही एकच, आगबोटीवर भंडारी, म्हणजे आचारी, राहून आलेला. रोज संध्याकाळी तो पेटीला कान लावून एक हात वर धरायचा, की सगळे गप्प. मग बातमी आमच्या बोलीत सांगायचा, मीठमसाला न लावता.

एकदा त्याचा हात वरच राहिला. समोर माझी मावशी होती; तिचा मुलगा बोटीवर खलाशी.

"काय बोलते पेटी?" तिने विचारलं.

"काय न्हाय, बाय. नुसती गाणी हायेत."

"गाण्याला एवढा वेळ हात वर?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

पेटीने मावशीच्या पोराच्याच बोटीचं नाव घेतलं होतं; पेटीला खेटून बसलो होतो म्हणून मला ते ऐकू आलं. लढाईत बोटीचं नाव कशासाठी घेतात, हे कळायला इंग्रजी लागत नाही. मीही गप्प राहिलो. पुढे दोन महिने भंडारी मावशीला सांगायचा, बोट बंदरात हाय. आणि ती पोरासाठी सुके बोंबील बांधून ठेवायची.

मग बोटीच्या कंपनीचं इंग्रजी पत्र आलं. वाचणारा तोच. मावशीने ते त्याच्या हातात दिलं.

"आता तरी खरा वाच, दादा."

त्याने घसा साफ केला. मी जन्मभर खऱ्यासाठी भांडलोय, पण तेव्हा वाटलं, त्याने अजून एकदा खोटं बोलावं.